छोट्या दुर्बिणीतून गुरूचं वस्तुमान कसं काढायचं

गुरूचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १/१०४७ आहे. ६०-७० मिलिमीटरची साधी दुर्बीण, मोबाइल आणि आलेखाची वही एवढ्या सामानावर या आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं. मोठी दुर्बीण असली तर चांगलंच, पण निकाल ठरतो तो नोंदी कशा ठेवल्या यावर.

गुरूचा एखादा चंद्र गुरूपासून किती दूर आहे आणि एका फेरीला किती वेळ घेतो, हे दोनच आकडे हवेत. बाकीचं काम केप्लरचा तिसरा नियम करतो: अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग यावरून मधल्या गोलाचं वस्तुमान मिळतं. चार मोठ्या चंद्रांपैकी आधी कॅलिस्टो घ्या. तो सगळ्यांत बाहेरचा, गुरूच्या झगमगाटात क्वचित हरवणारा आणि सुमारे १६.७ दिवसांत एक फेरी मारणारा, म्हणून रोज रात्री एक नोंद पुरते. चौघांत सर्वांत आतल्या आयोचा मोह टाळा. त्याची फेरी ४२ तास २८ मिनिटांची. रोज ठरावीक वेळी एकदाच पाहिलंत, तर त्याच्या जागा १.७७ दिवसांच्या फेरीत जितक्या नीट बसतात, तितक्याच नीट २.३ दिवसांच्या फेरीतही बसतात आणि खरं कोणतं ते वहीवरून सांगता येत नाही. आयोच हवा असेल तर एका रात्रीत तीन-चार तासांच्या अंतराने दोन नोंदी घ्या.

वेळ निवडायची ती गुरूच्या प्रतियुतीच्या आसपासची, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हाची. दर तेरा महिन्यांनी ही संधी येते. आधीचा आणि नंतरचा महिना धरला तरी चालतं. गुरू क्षितिजापासून ३० अंश तरी वर आल्याशिवाय फोटो घेऊ नका, खाली हवेमुळे ठिपके पसरतात.

नेत्रिका (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग) २० किंवा २५ मिलिमीटरची लावा. जास्त वर्धनाची लावली तर गुरू छान दिसेल, पण पुढे मोजपट्टी म्हणून आपला चंद्र त्याच चौकटीत पूर्ण मावायला हवा. मोबाइल नेत्रिकेवर धारकाने घट्ट बसवा, हातात धरू नका. झूम एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच. काही मोबाइल झूम बदलताच गुपचूप दुसऱ्या भिंगावर उडी मारतात आणि सगळी मापं वाया जातात, म्हणून हाताने नियंत्रण देणारा मोड वापरा. गुरू चौकटीच्या मध्यावर ठेवा, कडेला चित्र ताणलं जातं. गुरूचे चंद्र स्पष्ट दिसेपर्यंत उद्भासन (एक्स्पोजर) वाढवा. गुरू पांढराफटक होईल, होऊ द्या. तो चहूबाजूंनी सारखाच पसरतो, त्यामुळे त्याचा मध्य सापडतो.

दर रात्री पूर्व कुठली ते तपासा. दुर्बीण स्थिर ठेवून गुरूला सरकू द्या, तो ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. काटकोनी आरसा लावला असेल तर चित्र डावं-उजवं उलटतं, म्हणून अंदाजावर विसंबू नका. वहीत वेळ मिनिटापर्यंत लिहा आणि तारीख जोडीने, ‘१२/१३’ अशी. मध्यरात्रीनंतरच्या नोंदीत तारखेचा घोळ झाला तर आलेखात एक बिंदू रेषेबाहेर पडतो आणि कारण सापडत नाही.

आता कॅलिस्टो ओळखायचा कसा? गुरूच्या मध्यापासून त्याच्या साडेसात व्यासांपेक्षा दूरचा चंद्र कॅलिस्टोच, कारण त्याच्या लगेच आतला चंद्र गॅनिमिड तिथवर पोचत नाही. अंतर कमी असेल तर तेज पाहा. गॅनिमिड चौघांत सर्वांत ठळक, कॅलिस्टो सर्वांत मंद. चारही चंद्र जवळपास एका सरळ रेषेत असतात. रेषेबाहेरचा ठिपका बहुधा मागचा तारा. दुर्बीण हलवल्यावर जो ठिपका उलट दिशेला पळतो, ते भिंगातलं प्रतिबिंब. आणि तीनच दिसले तर चौथा गुरूच्या पुढे, मागे किंवा सावलीत असेल, नाहीतर दुसऱ्याला चिकटून. गॅलिलिओलाही ७ जानेवारी १६१० ला तीनच दिसले होते, चौथा १३ तारखेला सापडला.

मोजपट्टी अशी बनवा: त्याच नेत्रिकेतून, त्याच झूमवर आपल्या चंद्राचा फोटो घ्या आणि त्याचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. पौर्णिमेची वाट पाहायची गरज नाही. कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पूर्ण व्यासच. त्या वेळचा चंद्राचा कोनीय व्यास स्टेलॅरियमसारख्या ॲपमधून घ्या. तो २९.४ ते ३३.५ कला असा बदलतो (६० कला म्हणजे एक अंश). सरसकट ३१ धरलात तर कोनात आठ टक्क्यांपर्यंत चूक होते आणि वस्तुमानात ती जवळजवळ पंचवीस टक्के होते, कारण अंतराचा घन करायचा आहे.

आलेखात आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर गुरूच्या मध्यापासूनचं अंतर कलांमध्ये (फोटोतले पिक्सेल मोजपट्टीने कलांत बदलून). पूर्वेचं धन, पश्चिमेचं ऋण. बिंदूंमधून हलक्या हाताने लाटेसारखी वक्ररेषा काढा. वहीतलं सर्वांत मोठं माप घ्यायचं नाही, वक्ररेषेचं शिखर घ्यायचं. शिखराच्या रात्री ढग आले आणि आदल्या दिवशीचं माप धरलं, तर अंतर सात टक्के कमी भरतं. परिभ्रमणकाळ मात्र शिखरावरून काढू नका, तिथे रेषा सपाट असते. कॅलिस्टो पूर्वेकडून पश्चिमेकडे शून्यरेषा ओलांडतो तिथपासून पुन्हा तसाच ओलांडेपर्यंतचा काळ घ्या. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी असाव्यात.

समजा शिखर १०.३ कला आलं, काळ १६.७ दिवस आणि गुरू पृथ्वीपासून ४.२ खगोलीय एकक दूर होता (हेही ॲपमध्ये मिळतं; एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर). कक्षेची त्रिज्या = १०.३ × ४.२ ÷ ३४३८ = ०.०१२५८ खगोलीय एकक (३४३८ म्हणजे एका रेडियनमधल्या कला). काळ वर्षांत = १६.७ ÷ ३६५.२५ = ०.०४५७. त्रिज्येचा घन ०.०००००१९९, काळाचा वर्ग ०.००२०९. अंतर खगोलीय एककांत आणि काळ वर्षांत असला की भागाकार थेट सूर्याच्या पटीत येतो: ०.०००९५२, म्हणजे सूर्याच्या १/१०५०.

उत्तर १/१३०० च्या आसपास आलं तर बहुतेक शिखर हुकलं आहे. १/८०० आलं तर मोजपट्टी तपासा, चंद्राच्या फोटोत झूम वेगळा होता का ते पाहा. शंका राहिलीच तर त्याच फोटोंतून गॅनिमिडची मापं काढा: काळ ७.१५ दिवस आणि याच अंतरावर शिखर ५.९ कलांच्या जवळ यायला हवं. दोन्ही चंद्रांची उत्तरं एकाच दिशेने चुकली असतील तर दोष मोजपट्टीत, एकाचंच चुकलं असेल तर त्या चंद्राच्या ओळखीत.