बँड टिकवायचा कसा: मरून फाइव्हच्या वाटचालीवरून सांगली-मिरजेतल्या पोरांसाठी

गॅदरिंगला जमलेला बँड डिग्री हातात पडली की फुटतो, ही आपल्याकडची जुनी रड. मरून फाइव्ह या अमेरिकी पॉप-रॉक बँडचंही तसंच व्हायचं होतं. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली ॲडम लेव्हिन, जेसी कारमायकल, मिकी मॅडन आणि रायन ड्युसिक या शाळकरी पोरांनी ‘काराज फ्लॉवर्स’ नावानं बँड काढला. १९९७ मध्ये मोठ्या कंपनीनं अल्बम काढला, तो आपटला, कंपनीनं हात झटकले आणि पोरं कॉलेजला गेली. २००१ मध्ये गिटारवर जेम्स व्हॅलेंटाइन आला आणि नाव बदललं. जून २००२ मध्ये आलेला ‘साँग्ज अबाउट जेन’ हळूहळू वर चढला आणि नव्या कलाकाराचं ग्रॅमी मिळालं २००५ साली. ‘नवा’ म्हणजे अकरा वर्षांचा!

त्यांच्याकडून पहिली उचलायची ती कामाची वाटणी. कारमायकल कीबोर्डकडे वळला, गिटार व्हॅलेंटाइननं सांभाळली आणि लेव्हिनला गाण्याकडे नीट लक्ष देता आलं. सांगलीत गिटारवाले तीन मिळतात, बेसवाला एकही नाही. तिसऱ्या गिटारवाल्याच्या गळ्यात बेस घाला. त्याच्या चार तारा गिटारच्या वरच्या चार जाड तारांच्याच सुरांत असतात, फक्त एक सप्तक खाली, त्यामुळे पडद्यांवरच्या जागा त्याला पाठच असतात. नवीन शिकायचं ते बास ड्रमच्या, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, ठोक्याला चिकटून राहणं. बेस आला की कीबोर्डवाल्यानं डावा हात खालच्या पट्ट्यांवरून उचलायचा. तो उचलला नाही तर खालचा सगळा आवाज गढूळ होतो आणि दोष साउंडवाल्याला मिळतो.

गिटारांचंही तेच. मरून फाइव्हच्या सुरुवातीच्या गाण्यांत गिटार तुटक वाजते: उजवा हात सोळा मात्रांवर चालू, डावा हात बोटं सैल करून तारा दाबतो-सोडतो. दोन्ही गिटारवाले पूर्ण सहा तारांचे कॉर्ड झोडत राहिले तर ती लय मरते. एकानं बारीक तीन तारांवर राहावं, दुसऱ्यानं मधे मधे गप्प बसावं. गप्प बसण्याचाही सराव लागतो.

आता पट्टी. बहुतेक बँड इथंच फसतात. लेव्हिनचा गळा चढा आहे. ‘धिस लव्ह’ सी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये आहे, आणि आपला गायक त्यात वर जाऊन किंचाळायला लागतो. गाणं तीन सेमीटोन (कीबोर्डवर काळ्या-पांढऱ्या धरून तीन घरं) उतरवून ए मायनर, म्हणजे पांढरी सहामध्ये घ्या. गळ्याला उसंत मिळते आणि गिटारला मोकळ्या तारांचे कॉर्डही मिळतात. गायकाचा सगळ्यात वरचा सूर तालमीत लागोपाठ तीनदा सहज लागला पाहिजे. पहिल्याच वेळी मान वर होत असेल तर अजून एक सेमीटोन उतरा. मुलगी गाणार असेल तर मूळ पट्टीचा नाद सोडा आणि तिच्या गळ्याप्रमाणे नवी पट्टी शोधा. कॅपोनं (गिटारच्या दांडीवर लावायच्या चिमट्यानं) पट्टी चढते, उतरत नाही. उतरवायची तर कॉर्ड बदलावे लागतात. कीबोर्डवर ट्रान्सपोझ (पट्टी बदलायची सोय) उणे तीन करून ठेवलं आणि पुढच्या गाण्याला शून्यावर आणायचं राहिलं, की स्टेजवर दोन वेगळ्या पट्ट्या सुरू! सेटलिस्टमध्ये प्रत्येक गाण्यापुढे ट्रान्सपोझचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा.

ड्रमरला जपा. ड्युसिक मनगट-खांद्याच्या दुखण्यानं २००६ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी मॅट फ्लिन आला. सततच्या दौऱ्यांत हात असाच जातो. तालमीआधी दहा मिनिटं प्रॅक्टिस पॅडवर सावकाश सिंगल स्ट्रोक (एक उजवा, एक डावा), काडीची पकड सैल, आणि तास झाला की विश्रांती. मनगटात मुंग्या आल्या की त्या दिवशी वाजवणं बंद.

साउंड. मंडपवाल्याचं सामान मिरवणुकीसाठी बांधलेलं असतं: सब (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर) जोरात आणि माइकवर कायमचा इको. चार गोष्टी त्याला आधी सांगा. दहा चॅनल लागतील: बास ड्रम, स्नेअर, ड्रमच्या वर एक माइक, बेस डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), दोन गिटार ॲम्पचे दोन माइक, कीबोर्डचे दोन, गाण्याचे दोन. गाण्याच्या माइकवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायचं. इको बंद. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे, कारण साध्या कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणाऱ्या) माइकला तिकडचं सगळ्यात कमी ऐकू येतं. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा, पण पाठीमागचंही थोडं घेणारा) असेल तर मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो.

आवाज जुळवायचा तो ड्रमपासून. भावे नाट्यमंदिरासारखं सभागृह नाटकातल्या बोलण्यासाठी असतं, ड्रम तिथं तसाच दणदणतो. आधी ड्रम, मग त्याला पुरेल इतकीच गिटार, मग गाणं. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर मॉनिटर वाढवण्याआधी गिटार ॲम्प कमी करा. वाढवत गेलात तर शिट्टी ठरलेली. ॲम्प खुर्चीवर तिरका ठेवला की गिटारवाल्याच्या कानात थेट जातो आणि तो बटण कमी पिरगाळतो.

वीज मात्र चेष्टेचा विषय नाही. सगळे ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलं की अर्थिंगचा लूप होऊन घूं घूं येते. ती घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची मोठी पीन मोडत असेल तर त्याला थांबवा. तारांवर हात आणि ओठ माइकला अशा वेळी तो झटका जीवावर बेततो. घूं घूं डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणानं जाते. जनरेटरवर असाल तर मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाहा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरमनला बोलवा, मग गिटार लावा.

तालमीची खोली नदीकाठच्या भागात तळमजल्यावर घेऊ नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ड्रमसेट रात्रीतून उचलणं म्हणजे काय, हे त्या वेळी बऱ्याच जणांना कळलं.

कागदपत्रं. कॉलेजच्या गॅदरिंगला विद्यार्थीच वाजवत असतील आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावून बाहेर दुसऱ्यांची गाणी वाजवली तर परवाना लागतो. तो आयोजकानं काढायचा की तुम्ही, हे आधी लिहून घ्या. उघड्या मैदानात स्पीकर लावायला लेखी परवानगी हवी आणि रात्री दहाला तो बंद. म्हणून नऊ गाण्यांचा सेट साडेआठलाच सुरू करा.

बँडचं नाव आवडलं असेल तर ते नोंदवा: ट्रेडमार्क वर्ग ४१ (करमणुकीच्या सेवा) मध्ये, ऑनलाइन, व्यक्तीच्या नावे ४५०० रुपये. पण अर्ज एकाच्याच नावावर टाकला की भांडणाची सोय झाली. त्यापेक्षा सगळ्यांनी सही केलेला कागद करा: नाव कोणाचं, कोण सोडून गेला तर कोणत्या गाण्यात त्याचा किती वाटा. स्वतःचं गाणं तयार झालं की त्याच दिवशी शब्द आणि चालीचे टक्के लिहून टाका. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरू होत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला वाटायला काहीच नसतं. टक्के ठरवायला तीच वेळ बरी.