राहिलेल्या लशी: जिथे खंड पडला तिथूनच पुढे

आधी मुलाचं लसीकरण कार्ड काढा आणि तारखांवरून बोट फिरवत खाली या. मी लसीकरण करणारी परिचारिका आहे. २०२० च्या सुरुवातीपर्यंत भरलेली आणि त्यापुढे कोरी राहिलेली कार्डं आजही माझ्या टेबलावर येतात. मूल मात्र एव्हाना शाळेत जायला लागलेलं असतं.

यात आईबापांचा दोष नव्हता. केंद्रं बंद होती, आमच्यातल्या कितीतरी जणी कोविडच्या कामाला जुंपलेल्या होत्या, विमानं थांबल्यामुळे लशी उशिरा पोचत होत्या आणि बाळाला घेऊन बाहेर पडायची भीती होती. त्रिगुणीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचे) तीनही डोस पूर्ण होणाऱ्या बाळांचं जगातलं प्रमाण २०१९ मध्ये सुमारे ८६ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ८१ वर आलं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का? नाही! घेतलेला डोस वाया जात नाही. मध्ये कितीही काळ गेला असला तरी उरलेलेच डोस द्यायचे, दोन डोसांत लशीनुसार निदान चार आठवडे ठेवून. एकाच दिवशी तीन-चार लशी वेगवेगळ्या जागी देता येतात. त्यानं बाळाच्या शरीरावर ताण येत नाही. गोवरासारख्या, टोचून द्यायच्या दोन जिवंत (म्हणजे कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लशी मात्र एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतरानं.

काही लशींना वयाची अट असते. रोटाव्हायरसची (जुलाबावरची) लस मोठ्या मुलाला देत नाहीत आणि सात वर्षांनंतर त्रिगुणीऐवजी सहसा टीडी (धनुर्वात आणि घटसर्प यांवरची लस) देतात. म्हणून वाट पाहू नका. गोवराच्या बाबतीत तर अजिबातच नाही: संरक्षण नसलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो.

कार्ड हरवलं असेल तर जिथे लस घेतली तिथली नोंदवही शोधायला सांगा. लेखी नोंद कुठेच सापडली नाही, तर ती लस घेतलेली नाही असं धरून पुढे जातात.

साधी सर्दी, हलका ताप यासाठी लस पुढे ढकलू नका. पण आधीच्या डोसला तीव्र प्रतिक्रिया आली असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा अलीकडे रक्त चढवलं असेल, तर सुई हातात घेण्याआधीच आम्हाला सांगा.

पुन्हा साथ आलीच, तर आधी फोन करून वेळ घ्या आणि बाळासोबत एकानंच या. निघण्यापूर्वी पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.