‘बॅकअप ओके’ आलं म्हणजे बॅकअप झालंच असं नाही: स्क्रिप्टमधले एक्झिट कोड कसे पकडायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा बिलिंगचा डेटाबेस मी बघायचो. रोज रात्री क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) माझी स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) चालायची आणि मालकांना ‘बॅकअप ओके’ मेसेज जायचा. एकदा डिस्क गेली, बॅकअप उघडायला गेलो तर तीन आठवड्यांच्या सगळ्या फाइली 20 बाइटच्या! मालक म्हणाले, “काय ओ, रोज ओके येत होतं की!” झालं असं होतं की पासवर्ड बदलला होता, मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढणारी कमांड) रोज फेल व्हायचा, पण पुढं पाइपला (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) जीझिप (फाइल दाबून लहान करणारी कमांड) होता, त्याला रिकामं दिलं तरी तो रिकामं दाबून देतो आणि वर ‘झालं’ म्हणून सांगतो. बिलं कागदावरनं परत टाइप केली, माझीच चूक, बोलणार कुणाला.

तर आधी हे बघा. प्रत्येक कमांड संपताना 0 ते 255 मधला एक आकडा ठेवून जाते, तोच एक्झिट कोड, 0 म्हणजे ठीक, बाकी काही असलं की गडबड. बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणारा शेल) तो डॉलर-प्रश्नचिन्हात ($?) सापडतो, पण मध्ये नुसता एको (मजकूर दाखवणारी कमांड) जरी मारला तरी पुसला जातो, म्हणून लगेच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

मग स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ई (set -e) आणि सेट -ओ पाइपफेल (set -o pipefail) टाका. -ई मुळं कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथंच थांबते. पाइपचा कोड एरवी शेवटच्या कमांडचा असतो, पाइपफेल लावलं की मधली कुठलीही पडली तरी कळतं, माझे 20 बाइट इथंच पकडले गेले असते. पहिल्या ओळीत बॅशच लिहा, उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल असतो, त्याला पाइपफेल कळेलच असं नाही.

आता -ई वर सगळं सोपवून झोपू नका. इफच्या अटीतली कमांड फेल झाली तर स्क्रिप्ट थांबत नाही. फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल आणि त्यात कमांडचं आउटपुट एकाच ओळीत लिहिलं की कोड लोकलचा येतो, म्हणजे 0! दोन ओळी करा.

शिवाय प्रत्येक शून्येतर कोड म्हणजे बोंब नव्हे. ग्रेपचा (मजकूर शोधणारी कमांड) 1 म्हणजे नुसतं ‘सापडलं नाही’, खरी एरर 2 ला. आरसिंकचा (फाइली कॉपी करणारी कमांड) 24 म्हणजे कॉपी चालू असताना मूळ फाइल गायब झाली, बहुतेक वेळा सोडून द्यायचा. असे कोड केस (कोडनुसार वेगळी वाट धरणारी बॅशची रचना) लावून वेगळे काढा.

127 आला की कमांडच सापडली नाही, क्रॉनमध्ये हमखास, कारण तिथला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, कमांडचा पूर्ण पत्ता द्या. 126 ला बहुतेक परमिशन बघा. 137 म्हणजे 128 अधिक 9, कुणीतरी किल -9 मारलं (कमांड जबरदस्तीनं बंद केली), बऱ्याचदा मेमरी संपल्यामुळं कर्नलनंच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंच).

शेवटी मेसेजचं. आधी टेम्प फाइलमध्ये डंप घ्या, शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ आहे का बघा, मगच नाव बदला आणि ओके पाठवा. नुसतं जीझिप -टी (दाबलेली फाइल धड आहे का ते तपासणं) करून भागत नाही, माझी 20 बाइटची फाइल त्यातही पास होते! आणि फेलचा मेसेज पाठवल्यावर धरून ठेवलेल्या कोडनंच एक्झिट करा, नाहीतर मेसेज गेला म्हणून स्क्रिप्ट 0 देऊन मोकळी.

आता महिन्यातून एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून चालवतो. ‘बॅकअप फेल’ गेलं की पाच मिनिटांत मालकांचा फोन, “काय ओ, टेस्टिंग का खरंच?”