पुण्यात प्रमाणवेळ जपायची तर गच्चीवर मध्यान्हरेषा आखून ठेवा

उद्या नेटवर्क बंद पडलं तर वेळ सूर्यावरूनच काढावी लागेल, म्हणून मोबाइलवर अचूक वेळ दिसते आहे तोवर मध्यान्हरेषेचं, म्हणजे ऐन मध्यान्हीला सूर्याचा कवडसा जिच्यावर पडतो त्या दक्षिणोत्तर रेषेचं, काम उरका. ए-फोर कागदाएवढ्या पत्र्याला मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि पत्रा गच्चीपासून २ मीटर उंचीवर, अजिबात हलणार नाही असा आडवा बसवा. भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करा. ऐन मध्यान्हीला (ती घड्याळात किती वाजता होते ते पुढे दिलं आहे) कवडशाच्या मध्यावर दुसरी खूण करून दोन्ही जोडा. रंग टिकत नाही आणि गच्ची कोरली तर वॉटरप्रूफिंग जाईल, म्हणून शहाबादी फरशीची पट्टी बसवून तिच्यावर रेषा कोरा. आखणी डिसेंबरातच करा. तेव्हा कवडसा ओळंब्यापासून १.८ मीटर लांब पडतो आणि दिशा पक्की मिळते. मेच्या मध्याला तो थेट ओळंब्याच्या खुणेवर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दक्षिणेला पडतो, म्हणून रेषा तिकडेही २० सेंटिमीटर वाढवा. होकायंत्र नको, स्लॅबमधल्या सळ्या सुई ओढतात.

प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची आणि मध्य पुणे ७३ अंश ५१ कलांवर. अंशाला ४ मिनिटं धरून फरक ३४ मिनिटं ३६ सेकंदांचा. आपल्या इमारतीचा रेखांश नकाशावरून नेमका उतरवून घ्या. हिंजवडी आणि हडपसर यांच्यातच सुमारे पाऊण मिनिट जातं. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते: मध्यान्ह ११ फेब्रुवारीला १२:४९च्या सुमारास, तर ३ नोव्हेंबरला १२:१८ला होते. या फरकाचा, म्हणजे कालसमीकरणाचा, दर पाच दिवसांचा तक्ता छापून लॅमिनेट करा. कवडसा मिनिटाला साधारण १ सेंटिमीटर सरकतो. त्याची पुढची कड रेषेला टेकते आणि मागची कड सुटते, त्या दोन्ही वेळा टिपून मधली घ्या.

पावसाळ्यात सूर्य दिसणार नाही, तेव्हा भिस्त घड्याळांवर. क्वार्ट्झची तीन हवीत. दोनच असली तर कोणतं चुकतंय ते कळत नाही. त्यांच्यातला क्रिस्टल (स्फटिक) २५ अंशांच्या आसपास नीट चालतो, त्याहून फार गरम किंवा गार झाला की मागे पडतो, म्हणून एक सतत मनगटावर ठेवा. आत्तापासून दर रविवारी प्रत्येकाचा फरक वहीत लिहा, पण काटे हलवू नका. रोज ०.४ सेकंद पुढे जाणारं घड्याळ जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत ४९ सेकंद पुढे जाईल. चाल माहीत असली की तेवढे वजा करता येतात.

सिल्व्हर ऑक्साइड सेल बंद पाकिटात साठवा, तिन्ही घड्याळांचे एकाच दिवशी बदलू नका. घड्याळं पडताळायला, ढग फाटले त्या रात्री ठरलेल्या जागेवरून एखादा तारा समोरच्या इमारतीच्या कडेआड जाताना पाहा: तो रोज ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जातो.