फोटोंसाठी हातातलं जीपीएस घेताय? या चुका टाळा, नाहीतर धुळ्याचा फोटो मालेगावात जाईल

मागच्या हिवाळ्यात चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो, सकाळी कन्हेरगड चढलो, मग पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे, दिवसभरात दोनशेच्या वर फोटो आणि कमरेला नवंकोरं जीपीएस. रात्री घरी येऊन फोटो मॅपवर टाकले तर गडावरचे सकाळचे फोटो सगळे परतीच्या वाटेवर पडलेले, आणि दुपारनंतरच्या फोटोंना जागाच नाही. मला वाटलं मशीन खराब निघालं, दुकानदाराला फोन करून दोन शब्द सुनावले पण. मशीन एकदम बरोबर होतं. चूक माझी होती आणि ती साडेपाच तासांची होती.

आधी हे काम चालतं कसं ते बघा, कारण निम्म्या चुका इथूनच होतात. बहुतेक जणांना वाटतं जीपीएस खिशात ठेवलं की कॅमेऱ्यातल्या फोटोला आपोआप जागा लागते. तसं काही नाही भो. जीपीएस फक्त दर काही सेकंदांनी लिहून ठेवतं की अमुक वाजता मी अमुक ठिकाणी होतो, त्याची एक जीपीएक्स फाईल बनते. कॅमेरा फोटोत वेळ लिहितो. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर डिजीकॅम, लाइटरूम नाहीतर एक्झिफटूल असं एखादं सॉफ्टवेअर जीपीएसची आणि कॅमेऱ्याची वेळ एकमेकींशी जुळवतं आणि फोटोत अक्षांश-रेखांश घालतं. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा आहे.

आता माझी चूक. जीपीएक्स फाईलमधली वेळ ही यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. कॅमेरा भारतीय वेळेवर. सॉफ्टवेअरला टाइमझोन सांगितलाच नाही, त्यामुळे सकाळी ११ चा फोटो त्याने यूटीसी ११ धरला, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेचार, आणि तेव्हा आम्ही उतरत होतो. दुपारी साडेअकरानंतरचे फोटो गेले संध्याकाळी पाचच्या पुढे, तोवर मी जीपीएस बंद करून चहा घेत होतो. दुसऱ्या वेळी घाईत ५ टाकले, वरचा अर्धा तास विसरलो, तर प्रत्येक फोटो वाटेवर अर्धा तास पुढे. सगळे फोटो एकाच अंतराने सरकलेले दिसले तर मशीनला शिव्या देऊ नका, ५:३० टाकलंय का ते बघा.

दुसरी भानगड कॅमेऱ्याच्या घड्याळाची. ते हळूहळू पुढेमागे होतं आणि आपण वर्षानुवर्षं बघत नाही. ताशी ४ किलोमीटरने चालणारा माणूस मिनिटाला ६५-७० मीटर जातो, घड्याळ सात मिनिटं पुढे असेल तर फोटो जवळजवळ अर्धा किलोमीटर हुकतो. उपाय फुकट आहे. निघताना जीपीएसवर सेकंदांसकट वेळेचं पान उघडायचं आणि त्याच कॅमेऱ्याने त्या स्क्रीनचा फोटो काढायचा. माझ्या त्या फोटोत जीपीएस दाखवतं ६:५२:१० आणि फोटोच्या माहितीत वेळ आहे ६:५९:२३. वजा ७ मिनिटं १३ सेकंद, एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं की दिवसभराचे फोटो जागेवर. मी हा फोटो काढत होतो तेव्हा शेळ्या घेऊन चाललेले एक बाबा थांबले, "यामा काय शे भाऊ?" म्हणाले. घड्याळ आहे बाबा, म्हटलं. त्यांना पटलं नाही, पण खोटं काहीच नव्हतं.

म्हणून घेताना पहिला प्रश्न स्क्रीनचा विचारू नका, ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, किती पॉइंटचा मावतो आणि त्यात वेळ टिकते का ते विचारा. गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स १० किंवा २२एक्स ट्रॅकमध्ये १०,००० पॉइंट ठेवतं. दर सेकंदाला एक लावला तर पावणेतीन तासांत भरलं, दर ५ सेकंदांना लावला तर साडेतेरा-चौदा तास, म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत आरामात. पायी माणसाला ५ ते १० सेकंद भरपूर झाले. ऑटो ठेवलं तर सरळ वाटेवर ते पॉइंट गाळतं, आणि नेमका तुम्ही तिथेच फुलपाखरू टिपलेलं असतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी जरा जास्त सावध. जुन्या बऱ्याच मॉडेलमध्ये सेव्ह ट्रॅक दाबलं की ते जागा वाचवायला पॉइंट कमी करतं आणि वेळ पुसून टाकतं! रेष दिसते छान पण फोटो जुळवायला शून्य उपयोग. विकणाऱ्याच्या समोर पाच मिनिटं अंगणात फिरा, फाईल कॉम्प्युटरवर घ्या, नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक पॉइंटखाली टाइम असं लिहिलेलं दिसलं तरच पैसे काढा. आणि जुनी मॉडेल भरली की पाठचं पुसत जातात, म्हणून रोज रात्री फाईल काढून घ्यायची.

स्क्रीन, कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, ह्यावर फार खर्च नको. २२एक्स आणि ३२एक्समध्ये मुख्य फरक म्हणजे होकायंत्र आणि हवेच्या दाबावर उंची मोजायची सोय, फोटोंच्या जागेसाठी दोन्ही सारखेच. पावसाळ्यात तोरणमाळला ओल्या हाताने टचस्क्रीन वापरून बघा म्हणजे बटणांचं महत्त्व कळेल. सेल पेन्सिलचे दोन लागणारं असेल तर गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. रिचार्जचे सेल घातले तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरी दाखवणारा काटा उगाच घाबरवतो.

एक गोष्ट मात्र नक्की करू नका, उपग्रहावरून मेसेज आणि एसओएस पाठवणारं मॉडेल बाहेरून मागवू नका. दिसायला साध्या जीपीएससारखंच असतं, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही आणि विमानतळावर लोक ह्यात अडकलेत.

चालताना बंद-चालू करू नका, बॅटरी वाचते पण मधले फोटो अधांतरी राहतात. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला, आकाशाकडे तोंड करून लावा. माझं कमरेला होतं, पितळखोऱ्याच्या घळीत कड्यावरून परतलेला सिग्नल आणि वर माझंच अंग आडवं, ट्रॅक कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला होता. लेण्याच्या आत सिग्नल मिळणारच नाही, तिथले फोटो हाताने बाहेरच्या पॉइंटवर ठेवायचे. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या चालू लागू नका, मोबाईलला नेटवर्कची मदत असते, ह्याला नसते, चार-पाच मिनिटं उघड्यावर ठेवा.

आकडे हाताने टाकणाऱ्यांची चूक सगळ्यात मजेशीर. धुळं साधारण २० अंश ५४ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश ४६ मिनिटं पूर्व. बरेच जण हे २०.५४ आणि ७४.४६ असं टाकून मोकळे होतात. पण अंशात ६० मिनिटं असतात, बरोबर आकडे २०.९० आणि ७४.७७ असे येतात. पहिले आकडे मॅपवर टाकून बघा, थेट मालेगावाजवळ जाल, धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटर! धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला तिकडे गेलेला मी स्वतः पाहिलाय. आणि सेटिंगमधला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, डब्ल्यूजीएस ८४ वरच ठेवा.

चुकीची जागा म्हणजे एवढं काय, असं कोणी म्हणालं की मी रानपिंगळ्याचं, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाचं, सांगतो. आपल्या खान्देशात १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता. मधे माइनर्ट्झहागन नावाच्या पक्षी जमवणाऱ्या इंग्रजाने म्युझियममधला ह्या पक्ष्याचा जुना नमुना चोरला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला अशी खोटी चिठ्ठी लावली, त्या चिठ्ठीमुळे नंतरचे लोक भलतीकडे शोधत बसले. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो सापडला कुठे, तर आपल्याच खान्देशातल्या शहाद्याजवळ.

पण त्याच पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर घरट्याचा पत्ता भलत्याच्या हाती लागू नये म्हणून मी लोकेशन काढूनच पुढे पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते आपोआप निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. म्हणूनच मित्र म्हणतो तू पाठवलेल्या फोटोत जागा दिसत नाही, तेव्हा जीपीएस उघडून बसू नका, पाठवला कसा ते आधी बघा.