ग्रॅज्युएशनला मराठीत कुठे काय म्हणायचं

बोलताना सरळ ग्रॅज्युएशनच म्हणा, कोणी नावं ठेवत नाही, आणि खरं तर घरी कोणी तेवढंही म्हणत नाही, "मुलगी बीकॉम झाली", "तो लास्ट इयरला आहे" एवढ्यावर भागतं.

फॉर्म किंवा अर्ज लिहिताना मात्र पदवी लिहायचं. माणूस पदवीधर, पुढचं एमए एमकॉम ते पदव्युत्तर. स्नातक शब्द चुकीचा नाहीये पण स्नातकोत्तर वगैरे लिहिलं की हिंदी जाहिरात उचलून टाकल्यासारखं वाटतं, मी तरी टाळतो.

सगळ्यात जास्त घोळ पदविकेचा. पदविका म्हणजे डिप्लोमा, दहावीनंतर पॉलिटेक्निक केलंय तर "पदवी" समोर टिक करू नका, अर्ज बाद होऊ शकतो.

गाऊन घालून फोटो काढतात तो पदवीदान समारंभ, पत्रिकेवर बहुतेक दीक्षान्त समारंभ छापलेलं असतं, दोन्ही चालतं. "माझं दीक्षान्त झालं" असं मात्र कोणी बोलत नाही बरं का.

आणि पदवीधर मतदारसंघ हे ऐकलंच असेल, विधान परिषदेच्या 78 पैकी 7 जागा तिथून येतात. त्यात मत द्यायला पदवी मिळून निदान 3 वर्षं झालेली लागतात आणि नाव वेगळं नोंदवावं लागतं, त्यासाठी फॉर्म 18 भरायचा, नेहमीच्या यादीत नाव आहे म्हणून गप्प बसू नका.