श्वानपथक वाळवंटात न्यायच्या आधी

दक्षिण ॲरिझोनात, आहो गावाच्या पश्चिमेला पसरलेल्या सोनोरन वाळवंटात मी श्वानपथकांना वाट दाखवायला जाते. मेक्सिकोतून सीमा ओलांडताना इथे मेलेल्या माणसांचा हा शोध. कुत्रे मृतदेहाचा वास घेणारे असतात, पण इथे मृतदेह म्हणजे बहुतेक वेळा उन्हाने पांढरी पडलेली, कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांनी पांगवलेली हाडं. कुत्रा आणि त्याला हाताळणारा हँडलर बाहेरून येतात. त्यांना कुत्रा कळतो, जमीन कळत नाही. जमीन आपण सांभाळायची. या हिवाळ्यात आपल्यातले दोघं हे काम पहिल्यांदा करणार आहेत. मागच्या जानेवारीत मी जे चुकवलं ते तुमच्याकडून चुकू नये म्हणून लिहिते आहे.

मी वारा बघितला नव्हता. परवाने होते, पाणी होतं, दोन स्टेपन्या होत्या, नकाशेही होते. रस्ता कोरड्या ओढ्याच्या वरच्या टोकाला जातो, म्हणून गाड्या तिथे लावल्या आणि उजाडताना कुत्र्याला तिथूनच खाली सोडलं. रात्रभर डोंगरावर गार झालेली हवा पहाटे ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत असते. म्हणजे वारा कुत्र्याच्या पाठीवर होता, आणि पुढे जे असेल त्याचा वास त्याच्यापासून लांब जात होता. ऊन आल्यावर हवा घोटाळली, मग उलटी वर चढायला लागली. तोवर कुत्रा दमला होता. दुपारी नकाशावर त्या ओढ्याला 'शोधलं' अशी हिरवी रेघ पडली.

या रेघेची मला अजून भीती वाटते. शोध अर्धा राहिला असेल तर लोक परत येतात, पण 'शोधलं, काही नाही' असं लागलं की तिथे पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. पलीकडे सीमेपार एका आईला त्या ओढ्यात तिचा मुलगा नाही असं कळवलं गेलं, आणि ते माझ्या भरवशावर.

आता तयारी. परवानग्या महिनाभर आधी मागा. कबेसा प्रिएटा अभयारण्याचा परवाना फुकट मिळतो, पण वरचं आकाश लष्करी विमानांच्या सरावाचं आहे आणि जमिनीवर न फुटलेला दारूगोळा असू शकतो. त्या कागदावर सही करताना तो वाचा, आणि धातूचं काहीही दिसलं तरी हात लावू नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका. कुत्रा मोकळा सोडायचा आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. गोल्डवॉटर रेंज या लष्करी सरावाच्या जागेची हद्द लागत असेल तर तिथेही परवाना लागतो, आणि टोहोनो ओओधम या आदिवासी राष्ट्राच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय एक पाऊलही नाही. शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाला तारीख आणि जागा आधी कळवा.

तारीख डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतची धरा. १५ मार्च ते १५ जुलै हा सोनोरन प्राँगहॉर्न हरणांच्या विणीचा काळ, तेव्हा अभयारण्याचा मोठा भाग बंद असतो. त्यापुढे उन्हाळा आणि पावसाळी वादळं. तेव्हा जमीन पंजे भाजेल इतकी तापते, साप बाहेर असतात, आणि पावसात निघणारा विषारी सोनोरन बेडूक कुत्र्याने तोंडात धरला तर जिवावर बेततं. हिवाळ्यात हलका पाऊस पडून गेल्यावरचा दुसरा-तिसरा दिवस मिळाला तर तो सोडू नका. ओली माती वास सोडते, कोरडी धरून ठेवते. घड्याळाचंही सांगते. ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे कॅलिफोर्नियाचं पथक हिवाळ्यात आपल्या एक तास मागे असतं. 'सहाला भेटू' म्हणताना कुणाचे सहा ते सांगा. आपल्याला पहाटेचा तो एकच तास हवा असतो.

कारण वारा. शोधाच्या चार-पाच दिवस आधी तिथे जा. दुपारी जाऊन जागा बघून आलात तर ते जाणं फुकट. ज्या वेळी कुत्रा सोडायचा त्याच वेळी, अंधारात पोचून, उजाडायच्या अर्धा तास आधीपासून ऊन चांगलं वर येईपर्यंत तिथे उभं राहायचं. प्लास्टिकच्या बारक्या तोटीच्या बाटलीत कॉर्नस्टार्च भरून न्या. अंगाला लावायची सुगंधी पावडर चालणार नाही. दर दहा मिनिटांनी गुडघ्याच्या उंचीवर बाटली दाबा आणि पीठ कुठे जातं ते लिहा. गुडघ्याच्या उंचीवर, कारण कुत्र्याचं नाक तिथे असतं. तुमच्या कपाळावर लागणारा वारा निराळा असू शकतो. ओढ्याच्या वरच्या टोकाला बघा, मध्यावर बघा, खालच्या टोकाला बघा. वळणावर तर दोनदा. फोनवरचा हवामानाचा अंदाज इथे कामाचा नाही, तो साऱ्या खोऱ्याचा असतो. आपल्याला दहा फूट रुंदीच्या ओढ्याचा वारा हवा.

माझे आजोबा माण तालुक्यात खळ्यावर उपणायला उभे राहायचे तेव्हा पाटी उचलायच्या आधी मूठभर भुसा सोडून बघायचे. वारा फिरला की जागा बदलायचे, मग धान्याचा ढीग पुन्हा ओढावा लागला तरी चालेल. लहानपणी मी ते शंभरदा पाहिलं आहे, आणि तरी ऐन वेळी मला ते आठवलं नाही.

वारा कळला की गाड्या कुठे लावायच्या ते ठरवा. उलट करू नका. पहाटे हवा खाली उतरत असेल तर कुत्रा खालून वर यायला हवा, वाऱ्याकडे तोंड करून, पात्राला आडवं-तिरकं कापत. खालच्या टोकाला रस्ता नसेल तर काळोखात तीन किलोमीटर चाला. हँडलर कुरकुरेल, सोबतचे स्वयंसेवक कुरकुरतील. कुरकुरू द्या. हवा उलटली, म्हणजे पीठ वर जायला लागलं, की थांबा आणि वरच्या टोकाला जाऊन दुसरी सुरुवात करा. भर दुपारी वास सरळ वर उठतो. तेव्हा शोधू नका, सावलीत बसा.

कुठून शोधायचं ते ठरवताना पूर लक्षात घ्या. उन्हाळी वादळात ओढा तासभर वाहतो आणि हाडं खाली नेतो. वळणाच्या आतल्या बाजूला, पालो वेर्देच्या आणि मेस्कीटच्या मुळांत अडकलेल्या काटक्यांच्या ढिगात ती सापडतात. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची बहीण, तशीच काटेरी आणि तशीच सगळं धरून ठेवणारी. हे ढीग आधी हेरून नकाशावर टिपा. पण हँडलरला 'इथे असेल असं वाटतं' म्हणू नका, बोटही दाखवू नका. हँडलरचं लक्ष जिथे जातं तिथे कुत्रा रेंगाळतो, आणि मग तो इशारा म्हणून खाली बसला तर वासाने बसला की मालकाकडे बघून, हे कुणालाच सांगता येत नाही. हद्द सांगा, धोके सांगा, वारा सांगा. बाकी गप्प. पहिल्या कुत्र्याने इशारा दिला तरी तिथे झेंडा रोवू नका, जीपीएसवर टिपा. दुसरा कुत्रा आणि दुसरा हँडलर काही माहीत नसताना तिथे यायला हवेत.

सामानाचं थोडक्यात. पाणी माणशी दिवसाला आठ लिटर, कुत्र्याचं वेगळं मोजून. धापा टाकणारा कुत्रा हुंगत नाही, म्हणून वीस-तीस मिनिटं काम आणि मग सावलीत विश्रांती. चोया निवडुंगाचे काटे काढायला जाड दातांचा कंगवा आणि पक्कड, दोन्ही खिशात. गाडीत ठेवलेली पक्कड काय कामाची? पंजांचे मोजे. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, कारण फोन लागत नाही. आहोहून वाळवंटात शिरलं की पेट्रोल नाही. शौचाची जागा शोधाच्या हद्दीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. रक्त लागलेली पट्टी बांधून कुणी आलं असेल तर त्याने गाडीजवळच थांबावं. कॉर्नस्टार्चची बाटली पुन्हा सांगते: एक तुमच्याकडे, एक गाडीत.

त्या दिवशी पोचल्यावर पहिलं काम पीठ सोडणं. कुत्रा उतरायच्या आधी. तुम्ही चार दिवसांपूर्वी बघितलेला वारा आज तसाच असेल असं नाही. जुळला नाही तर सांगा, मोठ्याने सांगा, सगळे तयार होऊन उभे असले तरी. मला जानेवारीत गार वारा मानेवर लागत होता. मी जाकिटाची कॉलर वर केली आणि गप्प राहिले.

काही सापडलं तर हात लावायचा नाही, दगडसुद्धा हलवायचा नाही. जागा टिपा, लांबून फोटो, शेरीफला निरोप. पुढचं टूसॉनच्या वैद्यकीय तपासनिसांचं काम. ओळख पटायला महिने लागतात, घरच्यांना त्याआधी काही बोलू नका. सापडलं नाही तर हँडलर कुत्र्याला लांब नेईल आणि मुद्दाम ठेवलेला वासाचा नमुना शोधायला लावेल, कुत्र्याचा हुरूप टिकावा म्हणून. त्याला तेवढा वेळ द्या. निघताना माणसं मोजा, कुत्रे मोजा.

मग वही. शोध चालू असताना दर अर्ध्या तासाला वाऱ्याची दिशा लिहिलेली असेलच. ती कुत्र्याच्या जीपीएस पट्ट्यावरच्या वाटेशी त्याच रात्री, झोपायच्या आधी, ताडून बघा. वारा पाठीवर असताना चाललेला जेवढा तुकडा असेल तेवढा नकाशावर कोरा सोडा. कुणी कितीही म्हणालं तरी त्याला हिरवी रेघ मारू देऊ नका.